फेझंटच्या शिकारीसाठी जुनी पंप शॉटगन : सोळा गेजमध्ये काय पाहून घ्यावे?

तांबडी_माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मिनेसोटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मका आणि सोयाबीनच्या सपाट मुलखात, गेली नऊ वर्षे राहतो आहे. गेल्या दोन हंगामांत कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर आणि त्यांच्या लॅब्राडॉर कुत्रीच्या मागे मागे फेझंट या रानकोंबडीसारख्या पक्ष्यासाठी गवतातून हिंडलो. दोन्ही वेळा बंदूक उसनी होती, तिचा दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा होता आणि ती माझ्या मापाची मुळीच नव्हती. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आले, त्यामुळे यंदा स्वतःची बंदूक घ्यायची असे ठरवले आहे, आणि ती जुनी, लोखंड-लाकडाची, पंप पद्धतीचीच (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची) असावी अशी इच्छा आहे.

तीन बंदुका पाहून ठेवल्या आहेत आणि तिन्ही सोळा गेजच्या आहेत (गेज म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद). पहिली विंचेस्टर मॉडेल १२. नळी २८ इंची, फुल चोक (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळ; फुल सर्वांत घट्ट, मॉडिफाइड त्याहून सैल), आणि नळीवर 'निकेल स्टील' असा छाप आहे. ती साउथ डकोटात वॉटरटाउनच्या पलीकडे एका दिवंगत शेतकऱ्याच्या घरी आहे आणि त्यांचा मुलगा ६५० डॉलर मागतो आहे. दुसरी इथाका ३७, नळी तेवढीच, चोक मॉडिफाइड. ती आमच्याच गावच्या दुकानात ५२५ डॉलरना आहे, पण दस्त्यावर ओरखडे आहेत आणि रिसीव्हरची (नळी आणि दस्ता यांच्यामधल्या, यंत्रणा असलेल्या लोखंडी भागाची) निळी झाक हात लागून लागून पार पुसली गेली आहे. तिसरी रेमिंग्टन ८७० विंगमास्टर, ४७५ डॉलर, तिघींत सर्वांत नवीन दिसणारी.

खरे सांगायचे तर मन विंचेस्टरवर जडले आहे. तिची मूठ नुसती सैल सोडली, तरी स्वतःच्या वजनाने मागे सरकते. चोक शाबूत आहे का हे पाहण्यासाठी डाइमचे (दहा सेंटचे) नाणे नळीच्या तोंडाशी धरून पाहिले, ते आत गेले नाही, म्हणजे ती बाजूही ठीक दिसते. घेऊन टाकावी का?

गवताळ

घेऊन टाकण्याआधी दोन दिवस थांबा. तुमच्या वर्णनात 'निकेल स्टील' हे दोन शब्द आहेत आणि सगळी गोम त्यांतच आहे.

मॉडेल १२ ही बंदूक १९१२ साली बाजारात आली. जॉन ब्राउनिंग यांच्या १८९७च्या बाहेरच्या घोड्याच्या पंप बंदुकीवरून विंचेस्टरच्या टी. सी. जॉन्सन यांनी घोडा आत नेऊन तिची रचना केली. आधी ती फक्त वीस गेजमध्ये निघाली, बारा आणि सोळा गेज त्यानंतर आले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नेहमीचे उत्पादन बंद होईपर्यंत जवळपास वीस लाख बंदुका बनल्या, त्यामुळे ही वस्तू दुर्मीळ आहे असे कोणी सांगून भाव चढवू लागला तर त्याचे ऐकू नका. 'निकेल स्टील' हा छाप साधारण १९३०च्या सुमारापर्यंतच्या नळ्यांवर असतो. म्हणजे तुम्ही पाहिलेली बंदूक शंभरीच्या आसपासची आहे, आणि त्या काळातल्या सोळा गेजचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, आजच्यासारखे २¾ इंचांचे नसून २ ९/१६ इंचांचे असण्याची दाट शक्यता आहे.

फरक फक्त तीन सोळांश इंचाचा, म्हणजे पाच मिलीमीटरांहूनही थोडा कमी. पण त्याचा धोका असा की आजचे काडतूस त्या आखूड चेंबरमध्ये बिनतक्रार बसते. कारण काडतुसाची लांबी ही त्याचे तोंड उघडल्यावरची लांबी असते. बार उडताना दुमडलेले तोंड पुढे उलगडते, पण उलगडायला जागाच नसते. ते नळीच्या निमुळत्या भागात घुसते आणि छर्रे त्या अरुंद वाटेतून रेटले जातात. दाब वाढतो, खांद्याला धक्का जोराचा बसतो, आणि रिकामे टरफल आखूड खिडकीतून बाहेर पडत नाही ते वेगळेच. बसले म्हणजे चालते असे समजून लोक वर्षानुवर्षे अशी काडतुसे उडवत आले आहेत, पण शंभर वर्षांच्या लोखंडावर मी ती जोखीम घेणार नाही.

अनेक बंदुकांचे चेंबर पुढे कोणीतरी लांब करून घेतलेले असते. परंतु मॉडेल १२मध्ये नुसते चेंबर आतून कातून लांब करून भागत नाही, टरफल बाहेर पडण्याची खिडकी आणि ते बाहेर फेकणारा इजेक्टर हेही बदलावे लागतात. अर्धे काम केलेली बंदूक ही न केलेल्या बंदुकीपेक्षा वाईट, कारण ती पाहणाऱ्याला फसवते. चेंबर मोजायच्या सळईने, म्हणजे चेंबर गेजने, मोजून घ्या. नळीवर काय लिहिले आहे आणि मालकाचे वडील काय सांगत असत यांवर जाऊ नका.

लेथवाला

गवताळ काकांशी शंभर टक्के सहमत. माझे हात कोल्हापुरात उद्यमनगरात तेलकट झाले आणि आता मिलवॉकीत होत आहेत, त्यामुळे मी फक्त मापाचे बोलतो.

धागाकर्त्यांची डाइमची परीक्षा सोळा गेजला लागूच होत नाही. डाइमचा व्यास १७.९ मिलीमीटर आहे. बारा गेजच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलीमीटर असतो आणि फुल चोकपाशी तो डाइमहून कमी होतो, म्हणून बारा गेजमध्ये नाणे अडले तर चोक घट्ट आहे असा ढोबळ अंदाज बांधतात. सोळा गेजची नळी मुळातच १६.८ मिलीमीटरची. तिचा चोक कापून फेकून दिला असता, तरीही डाइम आत गेलेच नसते. नळी कोणी कापली आहे का हे कळायला तोंडाचा व्यास कॅलिपरने मोजा आणि नळीची लांबी बोल्टच्या (काडतूस मागून बंद करणाऱ्या भागाच्या) तोंडापासून पुढच्या टोकापर्यंत, बंदूक बंद ठेवून, गजाने घ्या. छापावर फुल चोक आणि २८ इंच असून लांबी २६ भरली, तर पुढचे सांगायला नको.

आता नळीचे. ती रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, सुटी करून, खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि हळूहळू फिरवत आतून पाहा. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळे एकसारखी दिसतात. मध्येच एखादे काळपट कडे दिसले आणि फिरवले तरी जागचे हलले नाही, तर तिथे नळी फुगलेली आहे. पूर्वी कधीतरी बर्फ, चिखल किंवा अडकलेले वॅड (काडतुसातली छऱ्यांमागची गादी) नळीत असताना कोणीतरी बार उडवलेला असतो. बाहेरून त्याच जागेवरून नख ओढले तर बारीक उंचवटा लागतो. अशी बंदूक फुकट मिळाली तरी भिंतीवर लावण्यापुरतीच.

गंज पाहायचा तो पंपाच्या मुठीच्या लाकडाखाली. घाम, पाऊस, बोटांचे मीठ हे सगळे तिथे साचते आणि वरून काही दिसत नाही. दस्ता रिसीव्हरला जिथे भिडतो त्याच्या मागे केसासारखी चीर आहे का ते पाहा. अंगठ्याने दोन्ही बाजूंनी दाबले तर चिरेतून जुने तेल वर येते. स्क्रूच्या खाचा चुरगळलेल्या असतील, तर आत हौशी माणसाचे हात जाऊन आले आहेत असे समजा. आणि निळी झाक नव्यासारखी असून अक्षरांच्या कडा मात्र साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, तर ती बंदूक घासून पुन्हा रंगवलेली आहे. तशी ती वापरायला वाईट नाही, पण मूळ रूपाचे पैसे देऊ नका.

मॉडेल १२ मध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. नळी आणि रिसीव्हर वेगळे होतात, तेव्हा रिसीव्हरखालचा आणि नळीकडच्या भागावरचा असे दोन्ही क्रमांक जुळले पाहिजेत. जोडल्यावर सांध्यात खेळ असेल तर घाबरू नका, झीज भरून काढण्यासाठी दात असलेली एक फिरती बाही कारखान्यानेच ठेवलेली आहे. तिला अजून किती फिरवायला वाव उरला आहे तेवढे पाहून ठेवा. शिवाय रिकाम्या बंदुकीचा चाप ओढल्यावर मूठ मागे आली नाही, तर बंदूक अडकली असे समजून झटू नका. मूठ आधी किंचित पुढे ढकलावी लागते, मग कुलूप सुटते. खऱ्या बारात ते काम धक्काच करतो.

कायद्याचा_कीस

यंत्राबद्दल मला काही कळत नाही, मात्र व्यवहाराबद्दल वेळेवर सांगणे आवश्यक आहे. धागाकर्ते मिनेसोटाचे रहिवासी आहेत आणि विंचेस्टरचा मालक साउथ डकोटाचा. दोन वेगवेगळ्या राज्यांच्या रहिवाशांनी परस्पर पैसे देऊन बंदूक हातोहात घेणे हे १९६८च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्याच्या विरुद्ध आहे, मग ती बंदूक कितीही जुनी असो आणि मालक कितीही भला असो. ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच यायला हवी. सोपा मार्ग म्हणजे मालकाने ती तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानाकडे पाठवावी, तुम्ही तिथे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा, दुकानदाराने पार्श्वभूमी तपासणी करावी आणि मग बंदूक तुमच्या हाती द्यावी. दुकानदार त्याचे शुल्क घेतो, ते किमतीत धरा. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुका या कायद्यात 'अँटिक' म्हणून वेगळ्या धरल्या जातात, पण १९१२ साली जन्मलेल्या मॉडेलला त्याचा उपयोग नाही. आणि १९६८ पूर्वी स्वस्त शॉटगनवर क्रमांक घालणे बंधनकारक नव्हते, त्यामुळे एखाद्या जुन्या बंदुकीवर क्रमांक मुळातच नसणे वेगळे आणि असलेला खरवडून काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या बंदुकीला हातही लावू नका.

धागा वाचणाऱ्यांपैकी बरेच जण एच-१बीवर असतील, म्हणून हेही लिहितो. स्थलांतरितेतर व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूकच नव्हे तर काडतुसे बाळगण्यासही मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो आणि कपाटातली बंदूक अडचणीची होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना शिकारीचा परवाना काढण्यासाठी बंदूक सुरक्षितता प्रमाणपत्र लागते, ते धागाकर्त्यांनी घेतलेच असेल असे गृहीत धरतो.

तांबडी_माती

प्रमाणपत्र आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून परीक्षा दिली आणि त्यांच्यापेक्षा दोन गुण कमी पडले. डाइमबद्दल मात्र लाज वाटली. लेथवाला, तुमचे आभार. आखूड चेंबर निघाले, तर त्या मापाची काडतुसे मिळतच नाहीत का?

गवताळ

मिळतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात नाहीत. खास बनवणाऱ्यांकडून मागवावी लागतात. सोळा गेजची साधी २¾ इंची काडतुसेसुद्धा हंगाम सुरू झाला की फळ्यांवरून नाहीशी होतात, कारण दुकाने बारा आणि वीस गेजच भरतात. सोळा गेज घेणाऱ्याने उन्हाळ्यातच बेगमी करावी, आपल्याकडे पावसाळ्याआधी वाल-कडधान्य भरतात तशी.

चकोर_बॉइसी

सगळे नळीतच अडकलेले पाहून मला राहवले नाही. दस्त्याचे काय?

मी आयडाहोत चकोर पक्ष्यांच्या मागे डोंगर चढते. हो, तोच आपल्या कवितांतला, चांदणे पिणारा. हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतीय उपखंडातून इकडे आणला गेला आणि पश्चिमेच्या खडकाळ, कोरड्या उतारांवर असा रमला की येताना नावही घेऊन आला, इंग्रजीत त्याला आजही 'चुकर' म्हणतात. तो कायम तुमच्या वर असतो आणि कायम पळत असतो. अशा शिकारीत दिवसाला दोन बार आणि आठ तास चाल असा हिशोब असतो, म्हणून माझ्या लेखी बंदुकीचे पहिले माप वजन आणि दुसरे माप ती खांद्यावर कशी येते हे.

वजनात तुमच्या तिन्ही बंदुका सारख्या नाहीत. इथाका ३७ सोळा गेजमध्ये स्वतःच्या लहान चौकटीवर बनलेली असते आणि पावणेतीन किलोंच्या आसपास भरते. मॉडेल १२ची सोळा गेजही लहान चौकटीची, ती साधारण तीन किलो. ८७०ची सोळा गेज मात्र बारा गेजच्याच चौकटीवर बसवलेली असते, त्यामुळे काडतूस सोळाचे आणि ओझे बाराचे असा तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बाकी ८७० उत्तमच, १९५०पासून एक कोटीहून अधिक बनल्या आहेत, सुटे भाग कुठेही मिळतात आणि त्याच गेजची दुसरी नळी हाताने बदलता येते. पण ती घ्यायची तर बारा गेजमध्येच घ्यावी.

आता खांद्याचे. जुन्या बंदुकांचे दस्ते गालापाशी पुष्कळ खाली उतरलेले असतात. दुकानात असे करून पाहा: रिकामी बंदूक कमरेशी धरा, समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीची पूर्ण लांबी वरून दिसत असेल तर दस्ता उंच आहे, रिसीव्हरचा पाठीमागचा भागच डोळ्यासमोर आला तर दस्ता खाली आहे. पाच वेळा करा. ऑक्टोबरात जे जाकीट घालणार आहात ते घालूनच करा, कारण जाकिटाच्या जाडीने दस्ता लांब पडतो आणि तो बगलेत अडकतो. माझी उंची पाच फूट एक इंच. मी माझ्या इथाकाचा दस्ता इंचभर कापून घेतला आणि कापलेला तुकडा जपून ठेवला आहे.

आणि मी डावखुरी आहे. इथाका ३७ची टरफले खालून पडतात, कारण भरायची आणि बाहेर पडायची वाट एकच. डावखुऱ्यांच्या तोंडासमोरून काही उडत नाही आणि उजव्या बाजूला खिडकीच नसल्याने गवताचे बी आत शिरत नाही.

लेथवाला

ताईंनी इथाकाचा विषय काढलाच आहे तर दोन मापे माझीही. ही बंदूक १९३७ सालची, मूळ रचना ब्राउनिंग यांची, तिला पेडरसन या रचनाकारांनी रेमिंग्टनच्या मॉडेल १७साठी आकार दिला आणि त्या पेटंटांची मुदत संपल्यावर इथाकाने ती उचलली. ८,५५,००० क्रमांकाच्या आधीच्या बंदुकांत नळी त्या त्या रिसीव्हरला कारखान्यात जुळवून बसवलेली असे. म्हणजे नळी खराब निघाली तर दुसरी विकत आणून फिरवली असे होत नाही, कारागिराकडे जावे लागते. त्यानंतरच्या क्रमांकांत नळ्या अदलाबदल करता येतात.

दुसरे, जीवाशी संबंधित. मॉडेल १२ आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या इथाका ३७, या दोन्हींत चाप दाबून धरला आणि मूठ पुढे सरकवली, तर बोल्ट बंद होताक्षणी बार उडतो. काही लोकांना त्याचे मोठे कौतुक आहे. गवतात, कुत्र्यांच्या आणि माणसांच्या मधोमध, हे कौतुक नको. पहिल्या बारानंतर बोट चापावरून पूर्ण बाहेर काढूनच मूठ हलवायची सवय बनावट काडतुसांवर घरी करून घ्या.

गवताळ

एक राहिले, छऱ्यांचे. धागाकर्ते ज्या भागात आहेत तिथे सार्वजनिक शिकारीच्या जागांपैकी पुष्कळशा संघीय पाणपक्षी संवर्धन क्षेत्रात मोडतात. तिथे फेझंटसाठीसुद्धा शिशाचे छर्रे चालत नाहीत, खिशात सापडले तरी दंड होतो. बिनविषारी म्हणून स्वस्तात मिळतात ते पोलादी छर्रे, आणि तेच जुन्या फुल चोकच्या नळीचे शत्रू. शिसे दबून चोकमधून निघून जाते, पोलाद दबत नाही, ते चोकलाच बाहेर रेटते आणि तोंडाशी कडे उठते. जुन्या बंदुकीत बिस्मथ धातूचे छर्रे वापरा. ते मऊ असते आणि चालते उत्तम, फक्त गेल्या हंगामात मला एक काडतूस दोन डॉलरांच्या पुढे पडले. दिवसाला दोन-चार बारांच्या शिकारीत तो खर्च सोसतो, चिकणमातीच्या तबकड्यांवर सराव मात्र शिशानेच करा.

आणि फुल चोक तुम्हाला हवाय कशाला? कुत्री नाकाखालून पक्षी उठवते, तो पंधरा-वीस यार्डांवर असताना घाईत बार गेला तर ताटात मांसापेक्षा छर्रे जास्त. मॉडिफाइड पुरे. पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकाचे छर्रे घ्या.

कोकणचा_साधा_माणूस

माहितीपूर्ण धागा. आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, तिच्यात चोक आणि चेंबर हे प्रश्नच नव्हते, बार उडेल का हा एकच प्रश्न असे. वाचतो आहे.

तांबडी_माती

शनिवारी वॉटरटाउनला जाऊन आलो, सोबत चेंबर गेज, कॅलिपर आणि माझे शिकारीचे जाकीट. मालकाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून बंदूक ठेवली होती. गेज २ ९/१६च्या खुणेवर थांबला. तोंडाचा व्यास आणि लांबी मात्र छापाबरहुकूम, क्रमांकही जुळले, नळी आतून आरशासारखी होती. म्हणजे बंदूक शंभर वर्षे कोणीही न छेडलेली, आणि नेमकी म्हणूनच माझ्या कामाची नाही. हे सगळे मी त्या गृहस्थांना समजावून सांगितले, तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले की वडील नेहमी डाव्या खिशातली काडतुसे या बंदुकीला आणि उजव्या खिशातली दुसरीला वापरत, आम्हाला वाटे ती त्यांची लहर. मी त्यांना मूळ चेंबरचीच बंदूक शोधणाऱ्या संग्राहकांना विचारून पाहा असे सुचवले आणि चेंबर कोणालाही कापू देऊ नका एवढी विनंती केली.

परतताना इथाका पाहिली. डोळे मिटून पाच वेळा खांद्याला लावली, त्यांतले चार वेळा समोर फक्त नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी आणि त्याच्या मागे नळीचा सपाट माथा दिसला. क्रमांक ८,५५,०००च्या खालचा आहे, पण नळी सरळ आणि स्वच्छ. पंपाखाली थोडा गंज होता, तो दाखवल्यावर दुकानदाराने ४९० केले. अर्ज भरला, तपासणी वीस मिनिटांत झाली.

घरी आल्यावर दस्त्याच्या मागची रबराची पट्टी काढली, तर आत पोकळीत गुंडाळलेला एक पिवळा पडलेला कागद निघाला. त्यावर पेन्सिलने कोणीतरी मारलेल्या फेझंटची नोंद ठेवली आहे, पाच-पाचाचे गट्ठे, शेवटच्या गटात तीनच रेघा. कागद होता तसाच आत ठेवून पट्टी परत बसवली आहे. बिस्मथच्या चार पेट्या मागवल्या, त्या पुढच्या आठवड्यात येतील.

चकोर_बॉइसी

पाचव्या वेळी काय दिसले?

तांबडी_माती

रिसीव्हर. जाकिटाच्या खिशात कॅलिपर राहिला होता.